समालोचकांवरील शिस्तभंगाची कारवाई

क्रीडास्पर्धा चालवणारी लीग, क्रीडामंडळ किंवा त्यांचे पदाधिकारी यांच्यावर जाहीर टीका केली म्हणून समालोचकाला, निवेदकाला वा स्तंभलेखकाला त्याच्याच माध्यमसंस्थेने केलेली शिक्षा. काही आठवड्यांचे निलंबन, पॅनेलमधून वगळणे आणि मुदत संपल्यावर करार पुढे न वाढवणे हे तिचे नेहमीचे प्रकार. वर्णद्वेषी शेरे किंवा शिवीगाळ यांबद्दल होणारी कारवाई वेगळी धरली जाते. प्रत्यक्षात ही सीमारेषा धूसर असते, कारण संस्था खुलासा करताना भाषेवर बोट ठेवते आणि टीकेच्या विषयाबद्दल मौन पाळते.

कारवाईचे मूळ प्रक्षेपण हक्कांच्या व्यवहारात आहे. अमेरिकेतील ईएसपीएन ही वाहिनी सोमवार रात्रीच्या सामन्यांसाठी अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगला 2014पासून वर्षाला सुमारे 190 कोटी डॉलर देत होती. आयपीएलचे 2023 ते 2027चे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. ज्याच्याकडून एवढ्या किमतीचा माल घ्यायचा आणि मुदत संपल्यावर पुन्हा त्याच्याच दारात जायचे, त्याच्याविषयी आपल्याच पगारी माणसाने काय बोलावे, याची काळजी वाहिनीला वाटतेच. बातमीदार आणि हक्कधारक एकाच छताखाली असले की हा पेच सुटत नाही.

सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण ईएसपीएनचे स्तंभलेखक बिल सिमन्स यांचे. एनएफएलमधील बाल्टिमोर संघाचा खेळाडू रे राइस याने होणाऱ्या पत्नीला लिफ्टमध्ये मारहाण केली. एनएफएलचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी त्याला आधी फक्त दोन सामन्यांची बंदी घातली. लिफ्टमधली चित्रफीत बाहेर आल्यावर, ती आपण आधी पाहिली नव्हती असे गुडेल म्हणाले. सप्टेंबर 2014मध्ये सिमन्स यांनी आपल्या पॉडकास्टवर त्यांना सरळ खोटारडे म्हटले आणि हिंमत असेल तर माझ्यावर कारवाई करा, असे आव्हान वरिष्ठांना दिले. ईएसपीएनने त्यांना तीन आठवड्यांसाठी निलंबित केले. राइसची पहिली शिक्षा दोन सामन्यांची आणि त्यावर बोलणाऱ्याची तीन आठवड्यांची, हा हिशेब अमेरिकी वाचकांनी लगेच मांडला. मे 2015मध्ये सिमन्स यांनी दुसऱ्या एका कार्यक्रमात गुडेल यांच्यावर पुन्हा तोफ डागली. त्यांचा करार वाढवणार नसल्याचे ईएसपीएनने लगोलग जाहीर केले. ऑक्टोबर 2017मध्ये याच वाहिनीने आपल्या निवेदिका जेमेल हिल यांना दोन आठवडे निलंबित केले. त्यांचा रोख डॅलस संघाचे मालक जेरी जोन्स यांच्यावर होता, आणि कारण देण्यात आले ते समाजमाध्यमांच्या नियमावलीचे.

भारतातील रचना निराळी आहे. इथे वाहिनी आणि मंडळ यांच्यातली भिंतच पातळ: भारतीय क्रिकेट नियामक मंडळ सामन्यांचे चित्रण स्वतः करवते आणि समालोचकांशी करारही स्वतः करत आले आहे. त्यामुळे निलंबनाचे पत्रक निघत नाही. पुढच्या मालिकेच्या यादीत नाव नसते, इतकेच. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार व समालोचक इयन चॅपल यांनी 2013मध्ये मंडळाचा करार नाकारला, कारण पंचनिर्णय फेरआढावा (डीआरएस), संघनिवड आणि मंडळाचा कारभार या विषयांवर बोलू नये अशी त्यात अपेक्षा होती. हर्षा भोगले 2016च्या आयपीएलच्या तोंडावर वगळले गेले आणि कारण आपल्यालाही कळवलेले नाही, असे त्यांनीच लिहिले. संजय मांजरेकर मार्च 2020मध्ये पॅनेलमधून गेले. त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते दुसऱ्या वाहिनीवर बोलत होते, कारण त्या मालिकेचे यजमान मंडळ वेगळे होते. सुनील गावसकर यांची कथा उलटी. मंडळाचे करारबद्ध समालोचक असतानाच सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2014मध्ये त्यांना आयपीएलपुरते मंडळाचे हंगामी अध्यक्ष केले.

भोगले, मांजरेकर, गावसकर. ही नावे पाहिली तर इंदूरच्या रामबागेतील किंवा लोकमान्य नगरातील मराठी घरांत हा विषय घरचा वाटावा यात नवल नाही. या शहराला क्रिकेटची खुर्ची आणि माइक दोन्ही ठाऊक आहेत. मंडळाचे सचिव असलेले इंदूरचे संजय जगदाळे यांनी 31 मे 2013 रोजी, आयपीएलमधील स्पॉट-फिक्सिंगचे प्रकरण पेटले असताना, कोषाध्यक्ष अजय शिर्के यांच्यासोबत राजीनामा दिला. दुसरीकडे, रेडिओवरच्या हिंदी समालोचनाने मराठी घरांतही ओळखीचे झालेले सुशील दोशी इथलेच. होळकर स्टेडियममधील समालोचन-कक्षाला त्यांचे नाव आहे. समालोचकाचा असा मान फार थोड्या मैदानांनी ठेवला असेल. याच मैदानावर इंदूरची पहिली कसोटी ऑक्टोबर 2016मध्ये न्यूझीलंडविरुद्ध झाली तेव्हा डीआरएस वापरात नव्हते. पुढच्याच महिन्यात इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत मंडळाने त्याचा प्रयोग मान्य केला, आणि चॅपल यांच्या करारातला एक निषिद्ध विषय आपोआप मोकळा झाला.

टीका कोणत्या दिशेने होते यावर कारवाई कशी अवलंबून असते, हे मार्च 2023च्या इंदूर कसोटीत दिसले. धरमशाला येथील मैदान तयार नसल्याने सामना ऐन वेळी इथे आणला गेला. पहिल्या दिवशी 14 गडी बाद झाले, भारताचा पहिला डाव 109 धावांत आटोपला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलियाने नऊ गडी राखून विजय मिळवला. सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा व तीन डिमेरिट (दंडाचे) गुण दिले. ब्रिस्बेनची कसोटी दोन दिवसांत संपली तेव्हा तिथल्या खेळपट्टीला किती गुण दिले होते, असा खडा सवाल गावसकर यांनी केला. (उत्तर: एक.) भारतीय मंडळाने अपील केले आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने (आयसीसी) शेरा ‘सरासरीपेक्षा कमी’ असा बदलून दोन गुण कमी केले. एका अधिकाऱ्याच्या निर्णयावर ही उघड टीकाच होती, पण तो अधिकारी आयसीसीचा होता आणि मंडळाचे म्हणणेही तेच होते. गावसकर पुढेही समालोचन करत राहिले.

वगळलेल्यांसाठी अलीकडे यूट्यूबचा रस्ता खुला झाला आहे. वडोदऱ्याचे इरफान पठाण 2025च्या आयपीएल पॅनेलमध्ये नव्हते; खेळाडूंवरील टीका त्यांना भोवल्याच्या बातम्या आल्या. त्यांनी स्वतःचा कार्यक्रम यूट्यूबवर सुरू केला. अशा वाहिन्यांवर बोलायला मुभा असते, मात्र ज्या चेंडूविषयी बोलायचे त्याचे चित्रण हक्कधारकाच्या परवानगीविना दाखवता येत नाही.