‘नोरागामी’ची पार्श्वभूमी: देऊळ नसलेल्या देवामागचा इतिहास

अंगात ट्रॅकसूट, खिशात दमडी नाही, आणि भिंतीभिंतींवर स्वतःचा फोन नंबर लिहून ‘काम सांगा’ म्हणणारा देव. कुणाची हरवलेली मांजर शोधून दे, कुणाचं न्हाणीघर घासून दे, मोबदला एकच, पाच येनचं नाणं. या देवाचं नाव यातो. त्याच्या पदरी पडलेला मुलगा युकिने, चौदा-पंधरा वर्षांचा, मेलेला, आणि या फाटक्या मालकावर कायम वैतागलेला. आदाचितोका या संयुक्त टोपणनावाने काम करणाऱ्या दोन चित्रकारांची ‘नोरागामी’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘मंथली शोनेन मॅगझिन’मध्ये २०१०च्या डिसेंबरात सुरू झाली. त्याआधी या जोडीने ‘अलाइव्ह’ ही मालिका चितारली होती, पण तिचं लेखन तादाशी कावाशिमा यांचं होतं. ‘नोरागामी’त कथाही त्यांची स्वतःची आहे.

देवाला असं हास्यास्पद करणं जपानी वाचकाला खटकत नाही, कारण तिथल्या सगळ्यात जुन्या ग्रंथातही देव असेच वागतात. इ.स. ७१२मधल्या ‘कोजिकी’त सुसानोओ हा वादळाचा देव थोरल्या बहिणीकडे स्वर्गात जातो आणि तिथे नुसता धुमाकूळ घालतो. तिच्या भातखाचरांचे बांध फोडतो, पाट बुजवतो, नव्या धान्याचा विधी होतो त्या दालनात घाण करून ठेवतो. शेवटी सोललेला घोडा विणकामाच्या घराचं छप्पर फोडून आत टाकतो. सूर्यदेवी आमातेरासु वैतागून गुहेत दडून बसते आणि जगात काळोख होतो. तिला बाहेर काढतं ते देवांचं हसू. आमे-नो-उझुमे ही देवी असा काही नाच करते की सगळे देव खदाखदा हसतात, आणि हे काय चाललंय म्हणून सूर्यदेवी दार किलकिलं करते. विनोदाने जग पुन्हा उजळल्याची ही कथा तेराशे वर्षं जुनी आहे.

उपद्रवी देवाचा दुसरा प्रकार जास्त गंभीर आहे, आणि यातो समजायचा तर तोच महत्त्वाचा. सुगावारा नो मिचिझाने (८४५–९०३) हा विद्वान कवी दरबारात उच्च पदाला पोचला. फुजिवारा घराण्याच्या कारस्थानामुळे ९०१मध्ये त्याला दूर दाझाइफुला धाडलं गेलं, आणि तिथेच त्याचा अंत झाला. पुढे त्याचा विरोधक तोकिहिरा ऐन उमेदीत मरण पावला, ९३०मध्ये राजवाड्यावर वीज कोसळून दरबारी मेले, आणि हा मिचिझानेचाच कोप असं सर्वांनी मानलं. मग क्योतोत कितानो इथे त्याचं देऊळ झालं. कोपलेला आत्मा देवळात बसला, हळूहळू निवला, आणि आज तोच तेनजिन म्हणून विद्येचा देव आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलं त्याच्यापुढे लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगतात. ‘नोरागामी’त हा तेनजिन भरल्या घरचा, प्रतिष्ठित देव म्हणून भेटतो. शेजारी यातोला उभं करा, म्हणजे देऊळ मिळणं आणि न मिळणं यातलं अंतर ध्यानात येतं. देऊळ म्हणजे लोकांच्या आठवणीतली हक्काची जागा. ती नसेल तर या कथेतला देव चक्क नाहीसा होऊ शकतो.

बेघर देव ही कल्पना इतिहासालाही सोडून नाही. १९०६च्या सरकारी फर्मानानंतर गावोगावची लहान देवळं मोठ्या देवळांत विलीन करण्यात आली. काही वर्षांत सुमारे सत्तर हजार देवळं गेली, त्यांच्या भोवतीच्या राया तोडून विकल्या गेल्या. वाकायामातले निसर्गअभ्यासक मिनाकाता कुमागुसु यांनी याविरुद्ध इतका झगडा केला की १९१०मध्ये त्यांना अटक झाली. मांगात या फर्मानाचा मागमूस नाही, पण हाताने बनवलेलं एक चिमुकलं देऊळ घेऊन यातो ढसाढसा रडतो, तेव्हा मला हा काळ आठवल्याशिवाय राहत नाही.

दारिद्र्याची देवता कोफुकु हे यातलं आणखी एक लाडकं पात्र. तिची परंपरा एदो काळातली (१६०३–१८६८). इहारा साइकाकु यांच्या १६८८च्या कथासंग्रहात क्योतोतला एक गरीब रंगारी, सगळे सुदैवाच्या देवांना पुजतात म्हणून, मुद्दाम दारिद्र्याच्या देवाची पूजा मांडतो. कधी नव्हे तो मान मिळालेला तो देव खूश होऊन त्याला श्रीमंतीची वाट दाखवतो. मांगातली योद्धी बिशामोन मात्र आपल्या ओळखीची निघते. ती मुळात वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला. तिथे तो चिलखतधारी रक्षक आणि सप्त सुदैवी देवांपैकी एक झाला. त्याच सातांत सरस्वतीही बेंझाइतेन या नावाने आहे. बिशामोनला स्त्रीरूप देणं ही मात्र आदाचितोका यांची करामत.

युकिनेच्या कथेचं मूळ विटाळ आणि शुद्धी यांच्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्मातल्या, कल्पनेत आहे. ‘कोजिकी’त इझानागी मृतांच्या देशातून परततो, अंग धुतो, आणि त्या स्नानातूनच आमातेरासु व सुसानोओ जन्मतात. इथे मृत मुलगा देवाचं शस्त्र होतो, देव त्याला नाव देतो, आणि मुलाच्या मनात पाप आलं की त्याचा डंख देवाच्या अंगावर उठतो. युकिने चोरी करतो आणि यातो सडत जातो, तरी तो मुलाला टाकत नाही. शुद्धीच्या विधीत युकिनेला सगळं तोंडाने कबूल करावं लागतं. संपूर्ण मालिकेतला हा माझ्या मते सर्वोत्तम भाग. जबाबदारी टाळणारा म्हणून ज्याची थट्टा चालली होती, तोच देव इथे बाप होतो, आणि त्यानंतरचा प्रत्येक विनोद वेगळा वाचला जातो.

या मांगावरचं बोन्स स्टुडिओचं ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) जानेवारी २०१४मध्ये आलं, दुसरा भाग ऑक्टोबर २०१५मध्ये. आजारपणामुळे मांगा २०१७ ते २०१८ थांबली होती. ती पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी २०२४मध्ये पूर्ण झाली, एकूण २७ खंडांत. ॲनिमे पाहून थांबलेल्यांनी हे खंड जरूर वाचावेत. यातोच्या भूतकाळाचा मोठा भाग पडद्यावर आलेलाच नाही.