एजंटच्या हातातली टूल्स आली कुठून

संभाजीनगर, नांदेड, लातूरकडची कॉम्प्युटरची पोरं आता एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये, एजंटला, म्हणजे पायरीपायरीनं स्वतः काम करणाऱ्या एआयला, काम सांगायलेत आणि बाजूला ओळी सरकताना बघायलेत, फाईल वाचली, शोधलं, बदल केला, टेस्ट चालवली. बऱ्याच जणांना वाटतं हे सगळं मॉडेलच्या, म्हणजे एजंटमागच्या एआयच्या, आतच चाललंय. तसं नसतंय. मॉडेल फक्त मजकूर लिहितं, की अमुक टूल, म्हणजे वाचणं, शोधणं असं एकेक काम करणारा छोटा प्रोग्राम, अमुक माहिती देऊन चालवा, मग फाईल उघडायचं, कमांड चालवायचं खरं काम एडिटर करतो आणि आलेलं आउटपुट परत मजकूर म्हणूनच मॉडेलपुढे ठेवतो, ते वाचून मॉडेल पुढचं टूल मागतं, असं काम होईपर्यंत चालतं. पण ही टूल्स नेमकी अशीच का, माऊस आणि मेनूसारखी का नाहीत, हे कुणी सांगत नाही. कारण साधं आहे: एजंटपुढे बहुतेक वेळा स्क्रीन नसतेच, नुसता मजकूर असतो, आणि स्क्रीन नसताना कोड कसा लिहायचा हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच सोडवून झालेला आहे.

१९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसननं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एड नावाचा एडिटर लिहिला. तेव्हा टेलिटाईप असायचे, म्हणजे टाईप केलेलं आणि मशीनचं उत्तर दोन्ही कागदावर उमटायचं. अख्खी फाईल समोर दिसायचा प्रश्नच नव्हता. दहा ते वीस नंबरच्या ओळी छाप म्हणायचं, वाचायचं, मग या ओळीत हा शब्द काढून तो टाक म्हणायचं. आजच्या एजंटचं फाईल वाचायचं टूल बघा, फाईलचं नाव, कुठल्या ओळीपासून, किती ओळी. तेच की!

शोधायचं टूल १९७३ चं. थॉम्पसनच्या सहकाऱ्याला, ली मॅकमहनला, मोठमोठ्या लेखांत शब्द शोधायचे होते आणि तो मजकूर एडच्या मेमरीत मावत नव्हता, म्हणून एडमधला शोधायचा भाग वेगळा काढून थॉम्पसननं ग्रेप केलं. त्याचाच आजचा वेगवान वारसदार म्हणजे अँड्र्यू गॅलंटनं २०१६ मध्ये आणलेलं रिपग्रेप. व्हीएस कोड या एडिटरचा सर्च त्याच्यावरच चालतो आणि क्लॉड कोड या एजंटचं शोधायचं टूलही त्याच्यावरच बांधलं गेलं. गिटला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला, दुर्लक्षित करायला सांगितलेले फोल्डर ते आपोआप सोडून देतं, नाहीतर बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांच्या हजारो फाईलींनीच एजंटचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेलपुढे एका वेळी मावणारा मजकूर, भरून जाईल.

मग डिफ, १९७४, दोन फाईलींतला फरक दाखवणारं. आणि १९८५ मध्ये लॅरी वॉलचं पॅच, माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल. पॅच नुसत्या ओळीच्या नंबरावर विसंबून राहत नाही. बदलाच्या वरच्या-खालच्या ओळी जुळतात का ते बघतो, नंबर सरकले असतील तर जवळपास शोधतो, आणि नाहीच सापडलं तर तो तुकडा नाकारून बाजूला ठेवतो. जागा ओळखायची ती मजकुरावरून, ही कल्पना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधली वर्षं डोळ्यांसाठीच्या एडिटरांची. व्हीआय, इमॅक्स, मग १९९६ चं मायक्रोसॉफ्टचं, टाईप करताना पुढचं नाव सुचवणारं इंटेलिसेन्स. त्यातलं एजंटला थेट उपयोगी पडलं ते २०१६ चं लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, कारण फंक्शन कुठे लिहिलंय, कुठं कुठं वापरलंय, एरर कुठली, ही माहिती त्यामुळं एका ठराविक स्वरूपात मिळायला लागली.

जून २०२१ मध्ये कोड लिहायला मदत करणारा गिटहब कोपायलट हा एआय आला तेव्हा त्याच्या हातात टूल असं काही नव्हतंच, कर्सरपुढची ओळ सुचवायचा आणि बास. चॅटजीपीटी आल्यावर लोक कोड कॉपी करून तिकडे टाकायचे, उत्तर इकडे चिकटवायचे, म्हणजे टूलचं काम माणूसच करत होता. ऑक्टोबर २०२२ च्या रिअ‍ॅक्ट या संशोधनानं दाखवलं की मॉडेलला विचार, कृती, मग मिळालेली माहिती अशा फेऱ्या करू दिल्या तर ते पुढे सरकतं. पण कृती म्हणजे साधा मजकूर, तो वाचून अर्थ काढायचा प्रोग्राम आपणच लिहायचा आणि मॉडेलनं जरा वेगळं लिहिलं की गाडी अडली. जून २०२३ मध्ये ओपनएआयनं फंक्शन कॉलिंग आणलं, टूलचं नाव आणि माहिती जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला सरळ वाचता येईल अशा ठरलेल्या साच्यात, यायला लागली, तेव्हा कुठं एडिटरवाल्यांना भरवसा आला.

तरी नुसतं टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, हातात देऊन भागलं नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी एसडब्ल्यूई-एजंट काढला आणि एसडब्ल्यूई-बेंच या परीक्षेवर, म्हणजे १२ पायथन प्रोजेक्टमधल्या २,२९४ खऱ्या तक्रारींवर, जीपीटी-४ टर्बो घेऊन सुमारे १२.५ टक्के तक्रारी सोडवल्या. त्याआधी टूलशिवायच्या मॉडेलांचा सगळ्यात चांगला आकडा ३.८ टक्के होता. त्यांनी केलं काय, तर टूल्स मॉडेलला झेपतील अशी घडवली. फाईल एका वेळी १०० ओळीच दाखवायची, शोधात ५० पेक्षा जास्त निकाल आले तर अजून नेमकं शोध म्हणायचं, बदलानं सिंटॅक्स, म्हणजे कोडचं व्याकरण, बिघडत असेल तर तो बदल घ्यायचाच नाही, आणि कमांडचं आउटपुट रिकामं आलं तर तसं शब्दांत सांगायचं, नाहीतर मॉडेल गोंधळतं. टूल कसं घडवलंय यावर एवढा फरक पडतो हे मला लई मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडची चर्चा सारखी कुठलं मॉडेल भारी यावरच अडकलेली असते.

आता बदल करायच्या टूलकडे या. ओळीचे नंबर मोजण्यात मॉडेल चुकतं, आणि वर चार ओळी घातल्या की खालचे सगळे नंबर सरकतात. म्हणून पॅचचीच कल्पना परत आली: जुना मजकूर जसाच्या तसा द्या, नवा द्या, टूल जागा शोधून बदलेल. समजा मोंढ्यातल्या आडत दुकानाचा प्रोग्राम आहे आणि एजंटला सांगितलं की शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली क्विंटलमागे न धरता कट्ट्यामागे धर. एजंट ‘हमाली = वजन * दर’ ही ओळ जुना मजकूर म्हणून देतो. पण तीच ओळ खाली खरेदीदाराच्या बिलातही आहे. टूल काहीच बदलत नाही, दोन ठिकाणी सापडलं म्हणून परत पाठवतं. मग एजंट पट्टीच्या फंक्शनची वरची ओळही सोबत जोडून परत मागतो, आता जागा एकच उरते आणि बदल होतो. पहिलीच जागा बदलून टूल मोकळं झालं असतं तर हमाली भलत्याच कागदावर बदलली असती आणि टेस्टही कदाचित बोलली नसती. एक स्पेस किंवा टॅब चुकला तरी मजकूर जुळत नाही, म्हणून क्लॉड कोडमध्ये फाईल आधी वाचल्याशिवाय तिच्यात बदल करताच येत नाही.

शोधण्यात मात्र दोन वाटा आहेत. कर्सर नावाचा एडिटर अख्ख्या प्रोजेक्टचा अर्थानुसार इंडेक्स करून ठेवतो, क्लॉड कोड मागून आलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आणि त्यानं ग्रेपसारख्या शोधावरच भर दिला. नावं नीट ठेवलेल्या कोडमध्ये दुसरी वाट पुरते असं मला वाटतं. जिथं कुणी ‘हमाली’ लिहिलंय, कुणी ‘मजुरी’, कुणी नुसतं ‘एच’, तिथं पहिली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल मांडला, लँग्वेज सर्व्हरवरूनच प्रेरणा घेऊन, आणि डेटाबेस, ब्राऊझर, तक्रारींची यादी अशी बाहेरची टूल्सही एकाच पद्धतीनं जोडता यायला लागली. २०२५ मध्ये व्हीएस कोडमध्येही एजंट मोड आला.

सगळ्यात ताकदीचं टूल अजून टर्मिनलचंच, म्हणून कमांड चालवण्याआधी विचारायची पद्धत पडली. ते विचारणं एडिटरमध्ये ठेवलंय, कारण कोडच्या फाईलमध्ये कुणी लिहून ठेवलेली खोडसाळ सूचना मॉडेलला आपल्या सांगण्यासारखीच मजकूर म्हणून दिसते आणि ते तिच्यामागं जाऊ शकतं. गिटची स्थिती बघणं आणि टेस्ट चालवणं एवढ्याला कायमची परवानगी देऊन ठेवली तरी चालतं, फाईल उडवणं, कोड सर्व्हरवर ढकलणं आणि नवीन पॅकेज बसवणं मात्र दर वेळी विचारूनच होऊ द्या.