पाकिटातलं यीस्ट आणि तळातलं यीस्ट: "एकच तर आहे, फक्त ओलं"

मीड (मधाची वाइन) बाटल्यांत भरली, बरणीच्या तळाशी पांढरट गाळ उरला, आता त्यावरच नवीन मध-पाणी ओतू का? हे कोणी विचारलं की एक तरी जण ठामपणे सांगतोच, यीस्ट ते यीस्ट, ओत बिनधास्त. वैताग येतो खरंच.

पाकिटाचं सगळ्यांना पाठ आहे. ५ ग्रॅम, ३५-४० डिग्रीच्या पाण्यात १५-२० मिनिटं, मग मस्टमध्ये, म्हणजे आंबवायच्या गोड पाण्यात. रंग, वास, मोजायचं कसं हे फरक किरकोळ आहेत, सोडून द्या.

खरी गोम अशी की पाकिटातलं यीस्ट भरपूर हवा देऊन वाढवलेलं असतं. ऑक्सिजन मिळाला की पेशी एर्गोस्टेरॉल (स्टेरॉल जातीचं एक स्निग्ध द्रव्य) बनवून साठवते, त्याच्या जोरावर तिचं आवरण दारू सोसतं. म्हणजे ती शिदोरी बांधूनच येते. आपण एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच) लावला की ऑक्सिजन थोड्या वेळात संपतो, नवीन स्टेरॉल बनणं जवळपास बंद, आणि एकीच्या दोन पेशी झाल्या की आहे तेच दोघींत वाटलं जातं, चार झाल्या की अजून निम्मं, असं करत करत शेवटी १३-१४ टक्के अल्कोहोलमध्ये महिनाभर बसलेली पेशी उरते जिची शिदोरी केव्हाच संपलीय. जिवंत असेलही! पण जिवंत असणं वेगळं आणि परत १.१०० घनतेच्या (पाणी १.०००, साखर जास्त तसा आकडा वर) गोड मस्टमध्ये उतरून काम तडीस नेणं वेगळं. फसायला होतं ते इथेच, कारण बुडबुडे येतात, दोन दिवस मस्त जोरात चालतं, मग हायड्रोमीटर (ही घनता मोजायची नळी) १.०४० ला अडकतो आणि शिव्या मधाला. (मधात नायट्रोजन कमी असतो हे खरं, पण मग न्यूट्रिएंट, म्हणजे यीस्टचं खाद्य, घाला की.)

"बिअरवाले करतात ना?" करतात, पण त्यांचा गाळ ५ टक्क्यांतून निघालेला असतो आणि ते नव्या वर्टला, म्हणजे धान्याच्या गोड पाण्याला, हवा देतात.

म्हणून गाळाला भिजवायचं नसतं, तो ओलाच आहे, त्याला स्टार्टर लागतो. १.०४० च्या आसपासचं पातळ गोड पाणी, चिमूटभर न्यूट्रिएंट, झाकण सैल, येता-जाता हलवायचं म्हणजे हवा मिसळते. दिवसभरात फेस धरला तर वापरा, नाहीतर सरळ फेकून द्या आणि पाकीट फोडा.

आणि ते यीस्ट "धुणं"! उकळून गार केलेल्या पाण्याने फळाचा गर वेगळा होतो, बाटलीत दिसतं छान, पण पेशीच्या पोटात त्याने काही जात नाही, आणि फळावरून आलेलं जंगली यीस्टही तिथेच राहतं. मी एकदाच वापरतो, तेही पहिल्या रॅकिंगचा (वाइन गाळावरून दुसऱ्या बरणीत काढतो तेव्हाचा) गाळ, आणि हलक्या वाइनसाठीच. सॉर्बेट (आंबणं परत सुरू होऊ नये म्हणून घालतात ते) घातलेल्या वाइनचा गाळ तर हातात घ्यायचाच नाही, सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही, मग बसा आठवडाभर बरणीला कान लावून.