अपघात-वारंवारता दर

अपघात-वारंवारता दर : कारखान्यातील सुरक्षितता मोजण्याचे एक परिमाण. कामगारांनी भरलेल्या एकूण तासांमागे काम बुडवणाऱ्या इजा किती झाल्या, हे त्यातून दाखवतात. भारतीय मानक ३७८६ (सुधारित, १९८३) यात छेदासाठी दहा लाख मनुष्यतास धरले आहेत, तर अमेरिकी सरकारी पद्धतीत दोन लाख (१०० कामगार, आठवड्याला ४० तास, ५० आठवडे). दहा लाख तासांत दोन इजा झाल्या, तर पहिल्या हिशेबाने दर २ आणि दुसऱ्याने ०.४ येतो. छेद न पाहता केलेली तुलना म्हणूनच फसवी ठरते.

इजा कोणती धरायची, हाही प्रश्न आहेच. १९४८ च्या कारखाने अधिनियमात (कलम ८८) ४८ तास वा अधिक काळ कामावर येता न आल्यास अपघात कळवण्याची तरतूद होती.

तीव्रता दरात इजांऐवजी बुडालेले दिवस मोजतात. मृत्यूसाठी ६,००० दिवस धरतात. हा आकडा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकी तक्त्यांतून आलेला दिसतो. उरलेली नोकरी सरासरी २० वर्षे आणि वर्षाला कामाचे ३०० दिवस, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. ते पटण्याजोगे आहे. मात्र शिकाऊ पोरगा गेला काय किंवा निवृत्तीला आलेला फिटर गेला काय, हिशेबात दोघे सारखेच.

अमेरिकी विमा कंपनीतील सुरक्षा-अभ्यासक हर्बर्ट हाइनरिक याने १९३१ मध्ये मांडलेले १ : २९ : ३०० हे गुणोत्तर (एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा व ३०० इजारहित घटना) आजही सेफ्टी ऑफिसरांच्या भाषणांत असते. त्यामागच्या मूळ नोंदी तपासायला उपलब्ध नाहीत. त्याच क्षेत्रातील फ्रँक बर्डने १९६९ मध्ये दिलेली प्रमाणे वेगळीच आहेत. किरकोळ इजा घटल्या की मोठा स्फोटही टळतो, असे रसायन कारखान्यांबाबत तरी धरू नये. अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २००५ मध्ये स्फोटात १५ जण दगावले. सुधारत्या इजा-दरावरून व्यवस्थापनाने प्रक्रियाही सुरक्षित असल्याचा समज करून घेतला होता, असे चौकशीत दिसले.

किरकोळ इजा आणि प्रक्रियेतला मोठा धोका यांतला हा भेद बडोद्यात विशेष जाणवतो. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना (१९६५) आणि नंदेसरीतील रसायन उद्योग एकीकडे, मकरपुऱ्यातील छोट्या इंजिनिअरिंग शेड दुसरीकडे. चाळीस कामगारांच्या शेडमध्ये वर्षाला सुमारे ८०,००० तास भरतात. एक बोट चेमटले की (दहा लाख तासांच्या हिशेबाने) दर शून्यावरून १२.५ वर जातो. अशा ठिकाणी तीन-चार वर्षांची सरासरीच काढावी.

प्रोत्साहन : केंद्र सरकारचे राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार १९६५ पासूनचे. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्थापनादिनी (१९६६), सुरक्षा दिन पाळतात. बडोद्यातल्या गुजराती फलकांवर तो ‘सलामती’ दिन होतो. बक्षीस शून्य अपघाताला बांधले की इजा लपवण्याकडे कल वाढतो, या आक्षेपात तथ्य आहे. त्यामानाने निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) कळवणाऱ्याला बक्षीस देणे बरे. कंत्राटी कामगारांचे तास छेदात धरले असतील, तर त्यांच्या इजाही अंशात आल्या आहेत का, हे पाहावे लागते.