अण्णा (शब्द)

अण्णा : वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची हाक, नावाला जोडूनही येते. शब्द द्राविडी कुळातला. कन्नडात अण्ण, तेलुगूत अन्न, तमिळमध्ये अण्णन (हाक मारताना अण्णा); तिन्हीकडे अर्थ थोरला भाऊ. मराठीत मात्र नाते सैल झाले. कुणाचे अण्णा वडील, कुणाचे चुलते, कुणाचे आजोबा. थोरपण तेवढे टिकले.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत तालुक्यात, दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. कन्नड घरात ‘अण्ण बंद’ म्हणजे ‘दादा आला’, एकेरी आणि जवळिकीचे. मराठी घरात ‘अण्णा आले’ म्हटले की ओसरीवरची पोरे नीट बसतात. या भागातल्या अण्णाप्पा या नावात तर भाऊ आणि बाप (अप्प) अशी दोन्ही नाती सामावली आहेत.

उच्चाराने जवळचे, पण नात्याने परके असे शब्द पुष्कळ. रुपयाचा सोळावा भाग असलेला आणा १९५७ साली दशमान नाण्यांमुळे मागे पडला. संस्कृत अन्न ‘अद्’ (खाणे) या धातूपासून आले. युरोपातले अॅना हे बाईचे नाव हिब्रू हन्ना, म्हणजे कृपा, यावरून. अरबीत अना म्हणजे मी. तुर्कीत आन्ने म्हणजे आई. हिंदीत आपला अण्णा ‘अन्ना’ असा लिहितात, आणि त्यात त्याचा मूर्धन्य ण, म्हणजे दक्षिणेची खूणच, पुसली जाते.

सातारा-सांगलीत हा शब्द घराबाहेर पडून सार्वजनिक झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे ऐतवडे बुद्रुकचे, पूर्वज कर्नाटकातल्या मूडबिद्रीचे. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहात नाना जातींची मुले एकत्र राहत, जेवत; ती सारी त्यांना अण्णाच म्हणत. घर सोडून आलेल्या पोरांच्या तोंडी ही हाक वडिलांसाठीचीच असणार.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या तुकाराम साठे यांना महाराष्ट्र अण्णाभाऊ म्हणून ओळखतो. त्यातला अण्णा द्राविडी, भाऊ संस्कृत ‘भ्रातृ’वरून आलेला. त्याच तालुक्यात, वाळव्याला, स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी झाले.