कोर्ट काय म्हणालं आणि कागदावर काय आलं

हायकोर्टाची बातमी वाचताना एक गोष्ट आधी बघायला हवी, ती म्हणजे छापलेलं वाक्य लेखी ऑर्डरमधलं आहे का सुनावणीत तोंडी बोललेलं. या दोन्हींच्या आसपास दोन माणसं असतात, जजसाहेबांच्या चेंबरमध्ये बसलेला लॉ क्लर्क आणि कोर्टरूममध्ये वही घेऊन बसलेला रिपोर्टर. पहिल्याने बाहेर काही बोलायचं नाही आणि दुसऱ्याचं कामच बाहेर सांगायचं.

आपल्याकडे क्लर्क म्हटलं की वकिलाचा कारकून डोळ्यासमोर येतो, जो फायलिंग करतो, ऑफिसने काढलेली ऑब्जेक्शन दूर करतो, बोर्डावर म्हणजे त्या दिवसाच्या यादीत मॅटर कितव्या नंबरला आहे ते बघत पळत असतो. लॉ क्लर्क तो नाही. हा नुकताच लॉ पास झालेला मुलगा किंवा मुलगी, जजसाहेबांसाठी फाईल वाचून नोट काढायची, जुने निकाल शोधायचे, निकालाच्या ड्राफ्टमधले साइटेशन म्हणजे जुन्या निकालांचे संदर्भ तपासायचे. ही पद्धत अमेरिकेतली, तिथल्या सुप्रीम कोर्टात १८८२ ला होरेस ग्रे आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून पगार देऊन हार्वर्डचा एक पदवीधर ठेवला, पोरं निवडून पाठवायचे त्यांचे सावत्र भाऊ जे तिथेच प्रोफेसर होते, आणि १८८६ मध्ये संसदेने प्रत्येक न्यायमूर्तीला वर्षाला १६०० डॉलरचा स्टेनोग्राफर क्लर्क मंजूर केला. आपल्याकडे हे फार उशिरा आलं.

लेखी निकाल जपायची सोय मात्र आपल्याकडे जुनी आहे. १८७५ च्या कायद्यानंतर हायकोर्टाचे निकाल छापणारे सरकारी इंडियन लॉ रिपोर्ट्स सुरू झाले, १८९९ ला रतनलाल आणि धीरजलाल यांचं बॉम्बे लॉ रिपोर्टर हे तसंच निकाल छापणारं नियतकालिक आलं. पण हे सगळं वकिलांसाठी, आणि त्यात निकाल असतो, कोर्टात दिवसभर चाललेलं बोलणं नसतं. ते रिपोर्टरने टिपलं तर राहतं. १९०८ च्या टिळकांच्या राजद्रोह खटल्याचंच बघा, टिळक स्वतःच्या बचावासाठी एकवीस तासांहून जास्त बोलले, आणि न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी खटल्याचा पूर्ण वृत्तांत छापून काढला म्हणून तो युक्तिवाद आज वाचता येतो.

पण सगळ्यात महत्त्वाची केस मला मिरजकरांची वाटते. १९६४ मध्ये मुंबई हायकोर्टात ब्लिट्झ या साप्ताहिकाच्या संपादकांवर बदनामीचा दावा चालू होता, एका साक्षीदाराने सांगितलं की माझी साक्ष छापली तर धंद्याला फटका बसेल, तेव्हा न्या. तारकुंडेंनी तोंडी हुकूम दिला की ही साक्ष छापू नका. लेखी ऑर्डर मागितली तर ती दिली नाही, तोंडी हुकूम पाळला जाईल अशी माझी अपेक्षा आहे असं ते म्हणाले. म्हणजे बंदी आली ती पण कागदाशिवाय! ब्लिट्झचे रिपोर्टर नरेश श्रीधर मिरजकर सुप्रीम कोर्टात गेले, नऊ जजेसचं बेंच बसलं आणि ३ मार्च १९६६ ला ते आठ विरुद्ध एक असे हरले. त्या नऊ जणांत एकटे न्या. हिदायतुल्ला वेगळं बोलले, आणि माझ्या मते बरोबर तेच होते, कारण दार उघडं ठेवून चाललेली साक्ष समोर बसलेल्याने ऐकायची आणि बाकीच्यांनी वाचायची नाही हे पटत नाही.

पारडं फिरायला पन्नासेक वर्षं गेली. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुनावणीच्या लाइव्ह स्ट्रीमिंगला तत्त्वतः हो म्हटलं, त्यातला एक याचिकाकर्ता लॉचा विद्यार्थी होता. एप्रिल २०२१ मध्ये मद्रास हायकोर्ट कोविडच्या काळातल्या प्रचारसभांवरून निवडणूक आयोगावर चिडलं, अधिकाऱ्यांवर खुनाचे गुन्हे लावायला हवेत अशा अर्थाचं तोंडी बोललं, ऑर्डरमध्ये ते नव्हतं. आयोग सुप्रीम कोर्टात गेला, त्याचं म्हणणं की तोंडी शेरे मीडियाने छापू नयेत. ६ मे २०२१ ला तिथल्या न्या. चंद्रचूड आणि न्या. शहा यांनी ते फेटाळलं, सुनावणीत काय चाललंय ते सांगणं हा पत्रकारितेचा भाग आहे असं धरलं, सोबत जजेसनी पण बोलताना जपून शब्द वापरावेत असंही सुनावलं.

म्हणून आज चांगला कोर्ट रिपोर्टर सुनावणी चालू असतानाच मोबाईलवर टाइप करतो, पण प्रत्येक वाक्यापुढे ‘तोंडी म्हटलं’ का ‘आदेशात नमूद’ हे लिहितो, आणि संध्याकाळी साइटवर ऑर्डर अपलोड झाली की दोन्ही समोरासमोर ठेवून परत वाचतो.