कुळागरातल्या बंधाऱ्यामुळे खालच्या विहिरी आटतात का?

वरच्या कुळागरवाल्याने (कुळागर म्हणजे पोफळी-माडांची बागायत) ओहोळावर खासगी बंधारा घातला की खालच्या वाड्यावरच्या विहिरी आटतात, असा समज गोव्यातल्या फोंडा, सत्तरी भागांत फार जुना आहे. तो बहुतांशी चुकीचा असला, तरी अगदी उगाच रुजलेला नाही.

पाऊस ओसरल्यावर बंधाऱ्याच्या खांबांच्या खाचांत फळ्यांच्या दोन रांगा सरकवून मधली पोकळी चिखलाने ठेचून भरतात. बंधारा भरेपर्यंत काही दिवस खालचा प्रवाह खरोखरच रोडावतो, आणि नेमके तेवढेच दिवस लोकांच्या लक्षात राहतात. पुढे पाणी फळ्यांवरून वाहू लागते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच पडून समुद्राला मिळतो. अडवलेले पाणी मात्र जांभ्या दगडाच्या भेगांतून मुरत राहते, तेव्हा आसपासच्या विहिरींची पातळी खालावत नाही, उलट टिकते. पाटाने पोफळी-माडांना दिलेल्या पाण्याचाही काही भाग जमिनीत मुरतोच.

बंधाऱ्याच्या साठ्यावर दिवसरात्र पंप चालत असेल, तर मात्र खालच्यांची तक्रार रास्त ठरते. पण तो दोष उपशाचा आहे, भिंतीचा नाही. भूजलाच्या उपशावर नियंत्रण आणण्यासाठी गोव्यात २००२ साली स्वतंत्र कायदाही करण्यात आला. बंधाऱ्याबाबत खरी काळजी घ्यायची ती मे अखेरीस: फळ्या वेळेत काढल्या नाहीत, तर पहिल्याच लोंढ्यात काठ खचतात.